लहान मुलांना मातीकाम शिकवताना: शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

पाच ते दहा वर्षांच्या मुलांना कलेच्या तासाला मातीकाम शिकवणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. यातली बरीचशी उत्तरं फिरून फिरून दोन गोष्टींवर येतात. एक म्हणजे मातीतलं पाणी, आणि दुसरी म्हणजे मोठ्या माणसाचा हात, जो मुलाच्या वस्तूपासून लांब राहायला हवा. तयारी चोख असेल तर तो लांब ठेवता येतो, म्हणून इथे तयारीबद्दल बरंच लिहिलं आहे.

कोणती माती घ्यावी?

भट्टी वापरायला मिळणार असेल तर कमी तापमानाला भाजली जाणारी, बारीक पोताची, तयार मळलेली माती घ्या. ती साधारण १००० ते ११०० अंश सेल्सिअसला पक्की होते. भाजलेल्या मातीचा भरडा घातलेली खरखरीत माती मोठ्या शिल्पांना उत्तम असते, पण छोट्या तळव्यांना ती टोचते आणि मुलं मग जोर लावायला कचरतात. लाल माती हाताळायला सुरेख, पण कपड्यांवर डाग ठेवते. भाजल्यावर पांढरी होणारी माती रंगांना जास्त उठाव देते.

भट्टी नसेल तर मातीकाम शिकवता येतं का?

हो, नक्कीच. हवेत वाळणारी माती घ्या. तिची मर्यादा मात्र आधीच माहीत असू द्या: ती पाण्यात टिकत नाही, त्यामुळे तिच्यापासून पाणी किंवा खाणं ठेवायचं भांडं करू नये. जाडी एक सेंटिमीटरच्या आत ठेवली आणि वाळताना वस्तू अधूनमधून उलटली, तर भेगा कमी पडतात. जाडजूड आकार हवा असेल तर आत ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा घालून वर मातीचा थर देता येतो. ही युक्ती फक्त हवेत वाळणाऱ्या मातीसाठी आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे भट्टीत जाणाऱ्या वस्तूत ते कधीही घालायचं नाही.

प्लॅस्टिसिन ही तिसरी सोय. विल्यम हार्बट या इंग्लंडमधल्या कलाशिक्षकांनी १८९७ साली ती तयार केली, कारण त्यांना विद्यार्थ्यांसाठी न वाळणारी माती हवी होती. सराव करायला, आकार पुन्हा पुन्हा मोडून बघायला ती फार चांगली आहे. तीही भट्टीत जात नाही.

एका मुलाला किती माती द्यावी?

दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत आरामात बसेल एवढा गोळा, म्हणजे वजनाने साधारण ३०० ग्रॅम. पाच-सहा वर्षांच्या मुलांना थोडा लहान चालेल. फार कमी माती दिली तर मुलं बोटाएवढ्या वस्तू करतात आणि त्यांचे पाय, शेपट्या, कान वाळताच गळतात. गोळे तासाच्या आधीच करून, ओल्या फडक्याखाली ठेवा. शिवाय जोडकामासाठी थोडी माती वेगळी राखून ठेवायला विसरू नका.

पहिल्या तासाला काय करून घ्यावं?

काहीच ‘करून’ घेऊ नका. पहिला तास मातीशी ओळख होण्याचा. दाबा, ओढा, पिळा, आपटा, सुरळी करा, भोकं पाडा, नखांनी ओरखडे काढा, आणि तास संपताना सगळं पुन्हा गोळा करून डब्यात टाका. मोडायचंच आहे हे सुरुवातीलाच सांगितलं की मुलं बिनधास्त होतात. हा तास वाया गेला असं वाटतं, पण पुढच्या प्रत्येक तासाला तो उपयोगी पडतो. ज्या मुलाने माती ताणून ती कुठे तुटते हे स्वतः पाहिलं आहे, त्याला ‘मान फार बारीक करू नकोस’ असं सांगावं लागत नाही.

पोताचा खेळही याच तासाला घ्या. जाळी, झाडाचं पान, दोरी, बटण, कंगवा, जे हाताशी असेल ते मातीवर दाबून ठसा बघायचा. जपानमधल्या जोमोन काळातली हजारो वर्षांपूर्वीची भांडी अशीच ओल्या मातीवर दोर दाबून सजवलेली आहेत. त्यांचा एखादा फोटो दाखवलात तर मुलं दोरीच्या तुकड्यासाठी रांग लावतात.

कोणत्या वयाला काय जमतं?

ठोकताळा असा: पाच-सहाव्या वर्षी पिंच पॉट, म्हणजे चिमटीने दाबत केलेली वाटी, आणि लादीवर, म्हणजे लाटलेल्या मातीच्या सपाट तुकड्यावर, उठवलेले ठसे. सात-आठव्या वर्षी जोडकाम आणि वळ्यांची, म्हणजे मातीच्या लांब सुरळ्या एकावर एक रचून केलेली, भांडी. नऊ-दहाव्या वर्षी लाद्या कापून उभे आकार, आणि दोन वाट्या जोडून केलेले पोकळ आकार.

वयापेक्षा मुलाची पद्धत ओळखणं मला जास्त मोलाचं वाटतं. बालकलेचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी दोन प्रकारची मुलं नोंदवली आहेत. काही मुलं एकाच गोळ्यातून डोकं, पाय, कान बाहेर ओढतात. काही मुलं प्रत्येक अवयव वेगळा करून मग जोडतात. दोन्ही रीती बरोबर आहेत आणि दोन्हींत विचार आहे. ओढणाऱ्या मुलाला ‘आधी अंग कर, मग चार पाय कर’ असा क्रम लादला की ते गोंधळतं. त्याला फक्त माती थोडी मऊ द्या. जोडणाऱ्या मुलाला जोडायची नीट पद्धत शिकवा.

वाटी करताना काठ फाकतो आणि वाटीची थाळी होते. काय करावं?

मुलं काठापासून दाबायला लागतात, तिथेच आकार बिघडतो. गोळा तळहातावर धरायचा, अंगठा मध्यात घालायचा आणि तळाशी एका बोटाची जाडी उरली की थांबायचं. मग तळापासून सुरुवात: दाब, फिरव, दाब, फिरव. अंगठा आत, बाकीची बोटं बाहेर, गोळा सतत हातात फिरता. एक फेरी पूर्ण झाली की अंगठा जरासा वर. काठ अगदी शेवटी. तरीही फाकलाच तर वाटी ओंजळीत धरून हलकेच आत दाबत गोळा करून घ्यायची. वाटी टेबलावर ठेवून काम केलं की तळ चपटा होतो आणि भिंती पसरतात, म्हणून तयार होईपर्यंत ती हातातच राहू द्या.

जोडलेले हातपाय आणि कान वाळल्यावर गळून पडतात. का?

ओली माती ओल्या मातीला नुसती चिकटवली की ती जोडली गेल्यासारखी दिसते. वाळताना दोन्ही तुकडे आकसतात आणि मधली फट उघडी पडते. म्हणून चार पायऱ्या, आणि त्यातली एकही गाळायची नाही.

दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या खोल रेघा ओढायच्या. नुसते ओरखडे पुरत नाहीत. त्याच मातीचा पाण्यात कालवलेला, टूथपेस्टइतका घट्ट चिखल दोन्हींवर लावायचा. याला स्लिप म्हणतात. मग दाबून तुकडा थोडा इकडेतिकडे हलवायचा, कडेने चिखल बाहेर येईपर्यंत. शेवटी बोटाने किंवा काडीने जोडाची रेघ पुसून माती एका तुकड्यावरून दुसऱ्यावर ओढून घ्यायची.

पाच वर्षांच्या मुलांसाठी जुना टूथब्रश हे सर्वांत सोपं साधन. पाण्यात बुडवून मातीवर घासला की रेघाही पडतात आणि चिखलही तिथेच तयार होतो.

दुसरं कारण ओलावा. धड कालचं आणि वाळायला लागलेलं, कान आत्ताच केलेले, असं असेल तर ओला कान जास्त आकसतो आणि जोडावर चीर पडते. दोन्ही तुकडे सारखेच ओले असायला हवेत.

वाळताना भेगा का पडतात?

एक भाग लवकर वाळतो आणि दुसरा मागे राहतो, म्हणून. बारीक कडा, शेपट्या, काठ आधी वाळून आकसतात, जाड तळ तसाच फुगलेला असतो. उपाय म्हणजे वाळवण्याचा वेग कमी करणं. पहिले दोन-तीन दिवस वस्तूंवर सैल प्लॅस्टिक, पंख्याखाली किंवा उन्हात अजिबात ठेवायचं नाही. ओल्या मातीपासून भाजलेल्या वस्तूपर्यंत एकूण आकार साधारण दहा-बारा टक्क्यांनी कमी होतो. हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर ‘माझा हत्ती लहान झाला’ अशी तक्रार हमखास येते.

कामाच्या वेळी पडणाऱ्या बारीक भेगा वेगळ्या. लहान मुलांचे हात गरम असतात आणि सतत हाताळल्याने माती हातातच कोरडी पडते. अशा वेळी ओल्या स्पंजावर बोटं टेकवून भेग पुसली की पुरे.

मुलं सारखं पाणी मागतात. द्यावं का?

वाटीभर पाणी समोर ठेवलंत तर पंधरा मिनिटांत टेबलावर चिखल होतो आणि सगळ्या वस्तू खाली बसतात. पाण्याची वाटी नको, प्रत्येक गटाला एक ओला, नीट पिळलेला स्पंज द्या.

भट्टीत वस्तू फुटतात त्या मातीतल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे ना?

हा समज इतका पक्का आहे की शिक्षक मुलांच्या वस्तू टाचणीने टोचत बसतात. खरं कारण पाणी. वस्तू वरून वाळलेली दिसते, पण जाड भागाच्या आत ओल उरलेली असते. भट्टीचं तापमान १०० अंशांवर गेलं की त्या पाण्याची वाफ होते, वाफेला एकदम फार मोठी जागा लागते, आणि बाहेर पडायला वाट नसली की ती भिंत फोडून निघते. पूर्ण कोरड्या मातीत अडकलेली हवा सहसा काही करत नाही. बुडबुडा असलेला भाग जाड आणि ओला राहण्याची शक्यता असते, म्हणून बदनामी बुडबुड्याची होते.

म्हणून तीन काळज्या घ्या. कुठलाही भाग दोन सेंटिमीटरपेक्षा जाड नको. जाड आकार तळातून पोकळ करायचा. वस्तू किमान आठवडाभर, जाड असेल तर दोन आठवडे वाळू द्यायची. आणि भट्टी सुरुवातीला १०० अंशांच्या खाली काही तास रेंगाळत ठेवायची.

वस्तू वाळली का हे ओळखायची एक जुनी, खात्रीची रीत आहे. ती गालाला लावून बघा. गार लागली तर आत अजून पाणी आहे आणि ते उडून जाताना थंडावा देतं आहे. गार लागेनाशी झाली की वस्तू भाजायला तयार. मुलांना ही परीक्षा स्वतः करू द्या, त्यांना ती फार आवडते.

दोन वाट्या तोंडाला तोंड लावून पोकळ गोळा केला असेल, तर त्याला कुठेतरी भोक हवंच. पक्ष्याची चोच, माशाचं तोंड, तळातलं छोटं छिद्र, काहीही चालेल. बंद पोकळीत वाफ अडकून राहते. याच आकारातून खुळखुळाही होतो: मटाराएवढ्या मातीच्या गोळ्या कागदात गुंडाळून आत ठेवायच्या, म्हणजे त्या भिंतीला चिकटत नाहीत. कागद भट्टीत जळून जातो आणि गोळ्या वाजायला लागतात.

भट्टी भरणं, लावणं, उघडणं हे काम फक्त मोठ्यांचं. भाजताना धूर आणि वायू निघतात, म्हणून खोलीत हवा खेळती हवी आणि मुलं तिथे नकोत. आणि कितीही उत्सुकता असली तरी भट्टी पूर्ण निवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

काम एका तासात संपत नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत ओलं कसं ठेवायचं?

वस्तूवर ओलसर, पिळलेलं फडकं, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीचं तोंड वस्तूच्या खाली दुमडलेलं. घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा असेल तर आणखी चांगलं. फडकं थबथबलेलं नको. बारीक भाग त्यात विरघळून जातात. दोन तासांमध्ये सुट्टी येणार असेल तर काम अशा टप्प्यावर थांबवा की जोडकाम पूर्ण झालेलं असेल. उरलेलं कोरीवकाम आणि ठसे थोड्या घट्ट मातीवरही होतात, किंबहुना जास्त सुबक होतात.

लादी एकसारख्या जाडीची कशी लाटायची?

मातीच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या, साधारण आठ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या ठेवा आणि लाटणं त्या पट्ट्यांवरून फिरवा. खाली जाडसर कापड हवं, नाहीतर माती टेबलाला चिकटते. दर दोन-तीन वेळा लाटल्यावर लादी उलटायची. उचलताना कापडासकट उचला. लादी एकदा वाकली की सरळ केली तरी भाजताना पुन्हा त्याच बाजूला वळते.

साधनं कोणती लागतात?

फार नाही. बोथट पेन्सिल, आइस्क्रीमची काडी, काटा, टूथब्रश, स्पंज, कापायला दोरा किंवा पातळ तार. तार शिक्षकांकडेच असू द्या. पहिल्या काही तासांना तर साधनं बाहेर काढूच नका. साधन हातात आलं की मुलं मातीला हात लावायचं सोडून टोचत बसतात.

एखादं मूल मातीला हातच लावत नाही. काय करायचं?

जबरदस्ती अजिबात नको. काही मुलांना ओल्या, चिकट गोष्टीचा स्पर्श खरोखर सहन होत नाही. तो हट्ट नसतो. माती पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेरून दाबायला द्या, किंवा आधी काडीने, लाटण्याने काम करू द्या. थोडी घट्ट, कमी ओली माती निवडा. शेजारी पुसायला ओलं फडकं ठेवा आणि हवं तेव्हा हात पुसायची मोकळीक द्या. पुढच्या तासाला ते मूल एका बोटाने सुरुवात करतं. नाही केली तरी चालतं.

मुलाची वस्तू वाकडी झाली तर आपण थोडी नीट करून द्यावी का?

नाही. मला या पानावरचं हे सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर वाटतं, म्हणून जरा सविस्तर.

शिक्षकाचा हात दोन सेकंद फिरला की कान सरळ होतो, पण ती वस्तू मुलाची राहत नाही आणि मुलाला ते लगेच कळतं. पुढच्या वेळी ते स्वतः करत नाही, ‘तुम्ही करून द्या ना’ म्हणत वस्तू घेऊन येतं. दाखवायचंच असेल तर स्वतःचा वेगळा गोळा घ्या, त्यावर दाखवा आणि दाखवून झालं की तो मोडून टाका. मोडणं आवश्यक आहे. तुमचा नमुना टेबलावर राहिला तर वर्गभर त्याच्याच नकला होतात.

तोंडी मदत मात्र भरपूर करा, आणि ती प्रश्नांच्या रूपात. ‘याचं पोट जड आहे, ते एवढ्या पायांवर उभं राहील का?’ असं विचारलं की मूल वस्तू उभी करून बघतं, ती कलते, आणि ते स्वतःच पाय जाड करतं. वस्तू टिकावी म्हणून लागणारी दुरुस्ती, जसं की सुटत आलेला जोड, तीही मुलाला बोलावून त्याच्याच हाताने करून घ्या.

आणि गुळगुळीतपणाचा आग्रह सोडा. चेक प्रजासत्ताकातल्या दोल्नी व्येस्तोनित्से इथे १९२५ साली मातीची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. उंची ११ सेंटिमीटरच्या आसपास, वय पंचवीस हजार वर्षांहून जास्त. भाजलेल्या मातीच्या सर्वांत जुन्या मूर्तींपैकी ती एक आहे. तिच्या पाठीवर एका लहान मुलाच्या बोटाचा ठसा आढळला आहे. तो ठसा कुणी पुसला नाही म्हणून आज आपल्याला ते मूल कळतं. तुमच्या वर्गातल्या वाट्यांवरचे ठसेही पुसू नका.

सगळ्यांना एकच विषय द्यावा की हवं ते करू द्यावं?

पद्धत एक, विषय मोकळा. ‘आज दोन वाट्या जोडून पोकळ प्राणी’ एवढं ठरवा. प्राणी कोणता, झोपलेला की चिडलेला, हे मुलाचं. पूर्ण मोकळीक दिली तर अर्धा वर्ग साप करतो.

रंग कोणते लावावेत?

हवेत वाळलेल्या मातीला पोस्टर किंवा ॲक्रिलिक रंग चालतात. भाजलेल्या वस्तूंना ग्लेझ, म्हणजे पुन्हा भाजल्यावर काचेसारखा चकचकीत होणारा थर, लावायचं तर शिसं नसलेलं, मुलांसाठी सुरक्षित म्हणून छापलेलंच घ्या. दोन-तीन हात द्यावे लागतात आणि तळ व त्यावरची तीन-चार मिलिमीटरची पट्टी कोरी ठेवावी लागते, नाहीतर वस्तू भट्टीच्या फळीला चिकटते. भाजण्याआधीचा ग्लेझचा रंग फसवा असतो. फिकट गुलाबी दिसणारा हिरवा निघू शकतो. भाजलेले छोटे नमुने समोर ठेवूनच मुलांना रंग निवडू द्या. खाण्यापिण्यासाठी वापरायची वस्तू असेल तर ग्लेझ त्या कामासाठी योग्य असावं आणि सांगितलेल्या तापमानालाच भाजलेलं असावं.

वर्ग साफ कसा करायचा?

कोरडा झाडू नको. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असतो आणि वर्षानुवर्षं तो श्वासात गेला तर फुप्फुसांना इजा होते. वर्गात रोज काम करणाऱ्या शिक्षकांनी तर याची जास्तच काळजी घ्यावी. टेबलं, फरशी ओल्या स्पंजाने आणि पोछाने पुसा. वाळलेल्या वस्तू पॉलिश पेपरने घासायचं काम मुलांना देऊ नका.

हात थेट सिंकमध्ये धुवायचे नाहीत. माती नळात जाऊन बसते आणि नळ तुंबतो. तीन बादल्या ओळीने ठेवा: पहिलीत चिखल उतरवायचा, दुसरीत धुवायचं, तिसरीत शेवटचं. रात्रभरात माती तळाशी बसते; वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ परत मातीच्या डब्यात.

उरलेली, वाळलेली माती फेकून द्यावी का?

मुळीच नाही, न भाजलेली माती कितीही वेळा पुन्हा वापरता येते. आधी ती पूर्ण वाळू द्या. अर्धवट ओले गोळे पाण्यात टाकले तर दिवसेंदिवस तसेच राहतात, पण ठणठणीत वाळलेले तुकडे पाणी लागताच फुसफुसत विरघळतात. मुलांना काचेच्या बरणीत हे दाखवा. विज्ञानाचा एक तास त्यातच होतो. दुसऱ्या दिवशी चिखल प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पाटावर पसरायचा, पाट पाणी शोषून घेतो, आणि माती हाताला चिकटेनाशी झाली की मळून पिशवीत भरायची.

कुणाची वस्तू कुठली हे कसं ओळखायचं?

माती ओली असतानाच पेन्सिलीने तळाला नाव आणि वर्ग कोरायचा. कागदी चिठ्ठ्या भट्टीत जळतात.

भाजायच्या आधीच वस्तू तुटली तर?

पूर्ण वाळलेल्या वस्तूचा जोड अवघड. मातीचा चुरा व्हिनेगरमध्ये कालवून केलेला घट्ट चिखल दोन्ही टोकांना लावून बघता येतो. बारीक भाग असेल तर बऱ्याचदा धरतो. नाहीच धरला तर दोन्ही तुकडे वेगळे भाजा आणि नंतर गोंदाने चिकटवा. तुटल्याचं मुलापासून लपवू नका. आधी त्याला तुकडे दाखवा आणि काय करायचं ते विचारा. कधी ते तुकडा चिकटवायला सांगतं, तर कधी म्हणतं, ‘असू दे, तो भांडणात तुटला.’